ॲम्प ‘गेला’ म्हणण्याआधी हे बघा – कार ॲम्पचा फॉल्ट घरच्या घरी शोधायची पद्धत

ऐरोलीत आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी कुणाच्या ना कुणाच्या गाडीची डिकी उघडी असते, आत डोकं घालून कुणीतरी उभं असतं, आणि मग मला फोन येतो की अरे ॲम्प गेला वाटतं, जरा खाली ये ना. ॲम्प म्हणजे ॲम्प्लिफायर, स्टिरिओचा आवाज वाढवून स्पीकरला देणारा डबा. मी काही इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर नाही, हौस म्हणून बरीच वर्षं वायरी जोडतोय आणि जे काही येतं ते स्वतःचे पैसे घालवून आलंय. आधी तीच गोष्ट सांगतो.

माझ्या जुन्या हॅचबॅकमध्ये ठाण्यातल्या एका दुकानातून ॲम्प आणि १२ इंची वूफर बसवून घेतला होता. तीन महिने झक्कास चाललं. मग जून आला, पाऊस सुरू झाला आणि आठवडाभरात नाटकं सुरू. आवाज कमी असेल तर सगळं व्यवस्थित, जरा वाढवला आणि बेसचा ठोका पडला की ॲम्प बंद, दोन सेकंदांनी परत चालू. दुकानात नेलं, त्याने ॲम्पच्या टर्मिनलला मीटर लावला, १२.६ व्होल्ट दाखवले आणि म्हणाला सप्लाय ओके आहे साहेब, ॲम्पच गेलाय. जुना ॲम्प त्यालाच दिला, वर पैसे भरले, नवा घेतला, आणि नवा ॲम्प घोडबंदर रोडवर पहिल्याच गाण्याला अगदी तसाच बंद पडला. घरी येऊन मागची सीट काढली, मॅट उचललं, तर अर्थची (म्हणजे मायनसची) काळी वायर बॉडीला जिथे कसली होती तिथला रंग घासलेलाच नव्हता. बोल्टचे आटे पत्र्याला जेवढे लागत होते तेवढ्यावर सगळा कारभार चालू होता, आणि आता त्या आट्यांवर तांबूस गंज चढलेला. बोटाने लग (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) हलवला तर गोल फिरला.

दुकानदाराने दाखवलेले १२.६ खोटे नव्हते, पण ते ॲम्प गप्प असतानाचे होते. शंभर तारांची वायर तुटून एक तार शिल्लक असली तरी गप्प बसलेल्या ॲम्पवर मीटर १२.६ च दाखवणार, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. खरी परीक्षा वूफर करंट ओढतो तेव्हा होते. म्हणून खाली जे जे मोजायला सांगतोय त्यातलं महत्त्वाचं मोजमाप गाणं वाजत असताना करायचंय.

सामान काय लागेल

साधा डिजिटल मल्टिमीटर, चार-पाचशेवाला चालतो, फक्त त्यात कंटिन्युइटीचा (वायर सलग असली की वाजणारा) बीप आणि डायोड मोड असला पाहिजे. चार-पाच मीटर साधी वायर, दोन्ही टोकांना मगरीच्या तोंडाच्या क्लिपा लावलेली, ही सगळ्यात जास्त कामाला येते कारण मीटरची प्रोब डिकीतून बॉनेटपर्यंत पोचत नाही. १० नंबरचा पाना, स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपर, एक पेन्सिल सेल, त्याच रेटिंगचे दोन-तीन फ्यूज, आणि गाडीच्या हेडलाइटचा एक जुना बल्ब, तो कशाला ते पुढे येईल.

हात घालण्याआधी बोटातली अंगठी आणि हातातलं कडं काढा. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही हे खरं, पण बॅटरीचा प्लस आणि बॉडी यांच्यामध्ये अंगठी अडकली तर ती क्षणात लाल होते आणि बोट भाजतं. वायर सोडायची-जोडायची असेल तर बॅटरीचा मायनस आधी काढायचा, परत लावताना मायनस शेवटी. सीटखाली काम करताना पिवळ्या कव्हरच्या वायरी आणि पिवळे कप्लर दिसले तर त्यांना अजिबात हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीत नारिंगी केबलचंही तसंच.

ॲम्प चालूच होत नाही

पॉवरचा लाइटच लागत नसेल तर ॲम्पला तीन गोष्टी मिळतायत का ते बघायचं: जाड लाल वायरवर १२ व्होल्ट, जाड काळ्या वायरवर अर्थ, आणि बारीक रिमोट वायरवर (ॲम्पला ‘चालू हो’ सांगणारी) स्टिरिओ चालू असताना १२ व्होल्ट. तीनपैकी एक जरी नसली तरी ॲम्प मेल्यासारखा पडून राहतो.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी प्रोब ॲम्पच्याच ग्राउंड टर्मिनलवर, गाडीच्या बॉडीला नाही, आणि लाल प्रोब बी प्लसवर, म्हणजे जाड लाल वायर येते त्या टर्मिनलवर. काहीच आलं नाही तर आता काळी प्रोब तिथून काढून बॉडीच्या उघड्या लोखंडाला लावा. आता १२ आले तर लाल वायर ठीक आहे, अर्थ तुटलाय. आताही नाही आले तर बॉनेट उघडा आणि बॅटरीजवळचा मेन फ्यूज बघा. फ्यूज डोळ्यांनी बघून ठरवू नका, दोन्ही टोकांना मीटर लावा, दोन्हीकडे १२ आले पाहिजेत. कधी कधी फ्यूज शाबूत असतो पण होल्डरचं प्लॅस्टिक वितळलेलं असतं, म्हणजे तिथला स्क्रू ढिला होता आणि सगळी उष्णता तिथेच झाली, असा होल्डर बदलायचाच.

लाल-काळी बरोबर असेल तर रिमोट. स्टिरिओ चालू करून रिमोट टर्मिनलवर १२ च्या आसपास दिसले पाहिजेत, स्टिरिओ बंद केल्यावर शून्य. नाही दिसले तर वायरचा छोटा तुकडा घेऊन बी प्लस आणि रिमोट क्षणभर जोडून बघा. ॲम्प चालू झाला म्हणजे ॲम्प ठणठणीत आहे, बहुतेक वायर मध्येच कुठेतरी तुटलीये. आमच्याकडे या तुटण्याचं कारण नंबर एक म्हणजे उंदीर आणि घुशी. नवी मुंबईत गाडी आठवडाभर एका जागी उभी ठेवली की काय होतं ते ज्याची गाडी उभी राहिली त्याला विचारा. बारीक वायर त्यांना जास्त आवडते बहुतेक, जाड लाल केबलला नुसते दातांचे ओरखडे असतात आणि निळी रिमोट वायर साफ कापलेली.

रिमोटचाच एक गमतीदार झोल: रेडिओ लावला की ॲम्प चालतो, यूएसबी किंवा ब्लूटूथवर गेलं की बंद. लोक स्टिरिओला शिव्या घालतात. अशा वेळी ॲम्पची रिमोट वायर ज्या निळ्या वायरला जोडलेली असते ती अँटेनाची असते, आणि काही स्टिरिओंमध्ये तिच्यावर फक्त रेडिओ चालू असतानाच व्होल्टेज येतं. ॲम्पची निळी-पांढरी असते, तिला जोडा, विषय संपला.

नवीन फ्यूज टाकला की लगेच उडतो

इथे एकच सांगतो, मोठा फ्यूज टाकू नका आणि चांदीचा कागद (फॉइल) गुंडाळून तर नाहीच नाही. तो फ्यूज ॲम्प वाचवायला नसून तुमची गाडी जळू नये म्हणून आहे, म्हणूनच तो बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आत हवा, ॲम्पजवळ असून उपयोग नाही. लाल केबल इंजिनच्या बाजूने आत येते तिथे पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट नसेल तर कडेने इन्सुलेशन कापत जातं, ठाणे-बेलापूर रोडच्या खड्ड्यांत ते काम आणखी लवकर होतं.

शोधायची पद्धत सोपी. ॲम्पकडचं लाल केबलचं टोक काढून टेप गुंडाळा आणि नवा फ्यूज टाका. उडाला तर केबलच कुठेतरी बॉडीला लागलीये. नाही उडाला तर मायनस काढा, केबल ॲम्पला जोडा, रिमोट वायर मात्र सोडून ठेवा आणि परत मायनस लावा. आता उडाला तर ॲम्पमधले पॉवर सप्लायचे मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) शॉर्ट आहेत, किंवा कुणीतरी कधीतरी प्लस-मायनस उलटं लावून आतला प्रोटेक्शन डायोड जाळलाय. रिमोट नसताना शांत आणि रिमोट लावल्याबरोबर उडतो, तर बिघाड पुढच्या बाजूला, म्हणजे रेक्टिफायर डायोड किंवा आउटपुट ट्रान्झिस्टर. एवढं सांगू शकलात तरी रिपेअरवाला तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो.

ठोक्याला बंद पडतो: लोडवर मोजायचं

माझ्या बाबतीत झालं ते हेच, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चांगले ॲम्प यातच भंगारात जातात.

आधी हिशोब बघा. समजा ॲम्प खरोखरचा ५०० वॉट आरएमएस (सलग देऊ शकणारी खरी ताकद) आहे, क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा प्रकार), एफिशियन्सी ८० टक्के धरा. बॅटरीकडून ६२५ वॉट ओढणार, १३.८ व्होल्टला ते होतात साधारण ४५ अँपिअर. आता रस्त्यात कुठेतरी, एखाद्या गंजलेल्या बोल्टखाली, फक्त ०.०५ ओहम रेझिस्टन्स आहे. ४५ गुणिले ०.०५ म्हणजे सव्वादोन व्होल्ट तिथेच गळाले, आणि त्या एका बोल्टवर १०० वॉटची उष्णता तयार झाली. आणि हा ०.०५ ओहम तुमच्या मीटरला ओहमच्या रेंजवर दिसणारच नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या प्रोब-वायरींचाच रेझिस्टन्स त्याच्यापेक्षा जास्त असतो. म्हणून “कंटिन्युइटी चेक केली, बीप वाजला, अर्थ ओके आहे” या वाक्याला काही अर्थ नाही.

तर करायचं असं. इंजिन चालू, बॅटरीवर मोजा, साधारण १३.८ ते १४.४ यायला हवेत. नव्या गाड्यांचे अल्टरनेटर (इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणारे) हुशार असतात, ते मनाप्रमाणे वर-खाली करतात, त्यामुळे आकडा थोडा इकडे-तिकडे चालेल. इंजिन बंद असताना आणि गाडी काही तास उभी असताना चांगली बॅटरी १२.६ दाखवते, १२.२ म्हणजे अर्धीच चार्ज आहे.

मग जड बेसचं गाणं लावा, नेहमी जेवढं वाजवता तेवढं, आणि ॲम्पच्या बी प्लस आणि ग्राउंडवर मीटर धरून बघत बसा. बॅटरीवर १३.८ आणि इथे ठोक्याला १३.२-१३.३ पर्यंत येऊन परत वर जातंय, ठीक आहे. ११ च्या खाली उडी मारतंय तर झोल सापडला, कारण बरेचसे ॲम्प १० व्होल्टच्या आसपास स्वतःहून बंद होतात. साधा मीटर हळू असतो, क्षणभराची खरी घसरण तो दाखवतो त्याहून जास्तच असते, म्हणून शक्य झालं तर ५० हर्ट्झचा सलग टोन वाजवा, आकडा स्थिर मिळतो. फक्त टोन पाच-दहा सेकंदच ठेवा, वूफरची कॉइल तापते. आणि हे सगळं रात्री दहाच्या आत उरका, सोसायटीच्या पार्किंगमध्ये ५० हर्ट्झ तिसऱ्या मजल्यावरच्या भांड्यांपर्यंत पोचतो हे मी अनुभवाने सांगतोय.

आता गळती नेमकी कुठे ते शोधा. ती क्लिपवाली लांब वायर बॅटरीच्या मायनसला लावा, तिचं दुसरं टोक मीटरच्या काळ्या प्रोबला, आणि लाल प्रोब ॲम्पच्या ग्राउंड टर्मिनलवर. म्हणजे मीटरच्या दोन्ही बाजू मायनसलाच. गाणं चालू करा. आदर्श आकडा शून्य, ०.१-०.२ पर्यंत सोडून द्या, त्याच्या वर जे काही दिसेल ते सगळं अर्थच्या वाटेत गळतंय. मग लांब वायर बॅटरीच्या प्लसला आणि प्रोब ॲम्पच्या बी प्लसवर, इथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. जास्त असेल तर प्रोब एकेक टप्पा मागे आणत जा, फ्यूजच्या अलीकडे, पलीकडे, लगवर, लगातून बाहेर येणाऱ्या तारेवर. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम उडी मारतो तिथे बिघाड. माझ्या गाडीत मायनसच्या बाजूला २.८ व्होल्ट होते, आणि त्यातले अडीचच्या वर लग आणि पत्रा यांच्यामध्ये, म्हणजे एखाद्या नखाएवढ्या जागेत.

केबल बारीक असणं हे दुसरं कारण. शुद्ध तांब्याची ४ गेज (आकडा जितका लहान तितकी तार जाड) केबल, पाच मीटर लांब, ४५ अँपिअरला जेमतेम ०.१८ व्होल्ट खाते. ८ गेज तेवढ्याच लांबीला ०.४६. आणि बाजारात स्वस्तात जी किट मिळतात त्यातली तार तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम असते, तिचा रेझिस्टन्स साधारण दीडपट, म्हणजे ८ गेज किट असेल तर ०.७ व्होल्ट नुसत्या केबलमध्येच गेले. ओळखायचं कसं, तर टोकाच्या दोन-चार तारा ब्लेडने खरवडा, आतून पांढरी चकाकली की ॲल्युमिनियम. कव्हरच्या जाडीवर जाऊ नका, काही केबली बाहेरून करंगळीएवढ्या जाड आणि आत तार शेवयांएवढी. वाशी-ऐरोलीसारखं खाडीच्या जवळ राहत असाल तर उघड्या टोकाला तांबं हिरवट कळकतं, ॲल्युमिनियम तर पांढरी भुकटी होऊन जातं. टोक कापा, नवीन लग क्रिंप करा (दाबून बसवा), वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा.

कपॅसिटर लावा म्हणून कुणी सांगेल. एक फॅरडचा चकाचक डबा, वर निळा डिस्प्ले. अर्थ खराब असताना कपॅसिटर लावणं म्हणजे गळक्या बादलीला नवीन कडी.

अर्थ नीट करायचा म्हणजे काय

जागा बघा, जाड पत्रा किंवा चॅसिस, डिकीतल्या पातळ पत्र्याचा तुकडा नको. सीटबेल्टचा बोल्ट वापरू नका, कितीही मोहात पाडत असला तरी, तो बोल्ट तुमच्या जिवासाठी आहे. भोक पाडायचं असेल तर आधी गाडीखाली वाकून बघा, मागच्या सीटखाली बऱ्याच गाड्यांची पेट्रोलची टाकी असते. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी जागा पॉलिश पेपरने घासा, रंग आणि त्याखालचा प्रायमर दोन्ही जाऊन लोखंड चांदीसारखं चमकलं पाहिजे. लग थेट त्या लोखंडावर, त्यावर दातेरी वॉशर, मग नट, मरेस्तोवर घट्ट. वॉशर लग आणि पत्र्याच्या मध्ये घालायचा नाही. घट्ट झाल्यावर वरून ग्रीस किंवा रंग मारा, पावसाळ्यात गंज परत यायला नको. वायर लाल केबलच्याच जाडीची आणि दीड फुटाच्या आत. आणि बॉनेटमध्ये बॅटरीचा मायनस बॉडीला ज्या वायरने जोडलेला असतो ती कंपनीची वायर बऱ्याचदा बारीक असते, तिच्या जोडीला एक ४ गेज तुकडा टाकला की रात्री हेडलाइट बेसबरोबर नाचायचे जरा कमी होतात.

प्रोटेक्टचा लाल लाइट

प्रोटेक्ट म्हणजे ॲम्पने स्वतःला वाचवायला बंद करून घेणं. लाल लाइट लागला म्हणून घाबरू नका, ॲम्प जिवंत आहे आणि तक्रार करतोय. स्टिरिओ बंद करा, स्पीकरच्या सगळ्या वायरी ॲम्पमधून काढा, आरसीए (स्टिरिओकडून ॲम्पला गाणं आणणारी केबल) पण काढा. फक्त लाल, काळी, रिमोट ठेवा आणि चालू करा. अजूनही लाल, आणि व्होल्टेज बरोबर, तर बिघाड ॲम्पच्या आत. हिरवा झाला तर आधी आरसीए लावा, मग एकेक स्पीकर. ज्याच्या वेळी परत लाल होईल तो गुन्हेगार.

सुट्या केलेल्या स्पीकर वायरवर ओहम मोजा. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो, २ ओहमचा १.६ ते १.९. काहीच नाही म्हणजे कॉइल किंवा वायर तुटली, जवळजवळ शून्य म्हणजे शॉर्ट. मग एक प्रोब स्पीकर वायरवर आणि दुसरी गाडीच्या बॉडीवर, इथे मात्र काहीही दाखवता कामा नये. दाखवलं तर वायर कुठेतरी पत्र्याला लागलीये. दरवाज्याच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीत सगळ्यात आधी बघा, रोज उघडझाप होऊन तिथे वायर आतल्या आत चिरते, आणि मग दरवाजा बंद असताना ॲम्प चालतो आणि उघडा असताना प्रोटेक्टमध्ये जातो असले चमत्कार दिसतात. पेन्सिल सेलची युक्ती पण करा, सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला टेकवला की टक आवाज येऊन कोन बाहेर सरकतो. आत गेला तर वायर उलटी आहे.

डबल कॉइलचा वूफर असेल तर जोडणी तपासा. दोन ४ ओहमच्या कॉइल पॅरलल केल्या की २ ओहम, सिरीजमध्ये ८. ॲम्प ब्रिज केला असेल (दोन चॅनेल एकत्र करून एकच वूफर जोडला असेल) आणि त्याच्या पत्र्यावर ब्रिजला कमीत कमी ४ ओहम लिहिलं असेल तर २ ओहमवर तो थोडा वेळ वाजेल, तापेल आणि बंद पडेल. अर्ध्या तासाने थंड झाल्यावर परत चालतो, म्हणून लोकांना वाटतं लूज कनेक्शन आहे. तसं नाही, तो दमतोय. सीटखाली मॅटमध्ये गुंडाळलेला ॲम्प पण असाच दमतो, मे महिन्यात तर हमखास.

शिट्टी, घरघर आणि बाकीचे आवाज

ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टी पण चढत जाते, तर ती अल्टरनेटरची. ॲम्पमधून आरसीए उपटा. शिट्टी राहिली तर ॲम्पचा अर्थ किंवा सप्लाय बघा. गेली तर ती मागून येतेय. आता फोनला आरसीएची पिन लावून थेट ॲम्पला गाणं द्या, फोन चार्जरला न लावता. शांत असेल तर दोष स्टिरिओमध्ये, त्याच्या अर्थमध्ये किंवा आरसीए केबलमध्ये. केबल लाल पॉवर केबलला चिकटून पूर्ण गाडीभर आली असेल तर एक डावीकडून आणि एक उजवीकडून आणा.

एक खास जागा सांगतो. काही स्टिरिओंमध्ये आरसीएच्या बाहेरच्या कड्याचा अर्थ आतल्या एका तांदळाएवढ्या फ्यूजमधून जातो. सिस्टिम चालू असताना आरसीए काढ-घाल केली की तो उडतो आणि तेव्हापासून शिट्टी सुरू होते. स्टिरिओ बंद ठेवून आरसीएचं बाहेरचं कडं आणि स्टिरिओची बॉडी यांच्यात मोजा, शून्याजवळ आलं पाहिजे. नाही आलं तर वायरच्या तुकड्याने ते कडं स्टिरिओच्या बॉडीला जोडून ऐका, शिट्टी गायब झाली तर निदान पक्कं. आरसीए कायम सगळं बंद करून काढायची.

सगळं करून शिट्टी राहिलीच तर अल्टरनेटरचा डायोड. बॅटरीवर मीटर एसी व्होल्टला लावा, आधी इंजिन बंद ठेवून, कारण काही स्वस्त मीटर तेव्हाही मोठाच आकडा दाखवतात, तसा मीटर या कामाचा नाही. इंजिन आणि हेडलाइट चालू केल्यावर ०.१ च्या खाली असेल तर छान, अर्ध्या व्होल्टच्या वर तर अल्टरनेटरवाल्याकडे जा. नुसती सस्स् असेल तर गेन (स्टिरिओकडून आलेला सिग्नल ॲम्पने किती वाढवायचा तो नॉब) जास्त आहे, तो कमी करा.

ॲम्प उघडायचाच असेल तर

सोल्डरिंग येत असेल तरच वाचा. सप्लाय काढून पाच मिनिटं थांबा, मोठ्या कपॅसिटरवरचं व्होल्टेज मोजा, आणि उरलं असेल तर १०० ओहमच्या जाड रेझिस्टरने उतरवा, मोठ्या ॲम्पमध्ये आत दोन्ही बाजूंना चांगले ५०-६० व्होल्ट असतात आणि ते चावतात.

आत शिरल्यावर आधी नाक वापरा. जळका वास, फुगलेला कपॅसिटर, फुटलेला मॉस्फेट बऱ्याचदा नुसता दिसतो. मग मीटर डायोड मोडवर. मॉस्फेटच्या तीन पायांपैकी मधला ड्रेन आणि शेवटचा सोर्स, एका दिशेने ०.४ ते ०.६ दाखवायला हवं, उलटं केल्यावर काही नाही. दोन्हीकडे बीप म्हणजे शॉर्ट. हे मॉस्फेट पॅरलल असतात, त्यामुळे एक गेला की त्या बाजूचे सगळेच शॉर्ट दिसतात, पाय सुटे करून एकेक बघावा लागतो. बदलताना मात्र एकटा बदलू नका, सगळा संच एकाच नंबरचा टाका, आयआरएफझेड ४४एन किंवा आयआरएफ ३२०५ हे नेहमी दिसणारे, आणि प्रत्येकाच्या गेटचा रेझिस्टर मोजा, मॉस्फेट जाताना बऱ्याचदा त्याला घेऊन जातो. घाई असली तरी मी पार्ट लॅमिंग्टन रोडवरूनच आणतो, ठाण्याहून दादर आणि तिथून ग्रँट रोड, अर्धा दिवस जातो, पण चार दुकानं फिरता येतात. डुप्लिकेट मॉस्फेट तिथेही मिळतात, दिसायला सेम, नंबर पण सेम, लोड आला की फट्.

मॉस्फेट चांगले आहेत आणि तरीही सप्लाय उठत नाही तर कंट्रोलर चिप बघा, बऱ्याच ॲम्पमध्ये टीएल ४९४ असते. रिमोट दिल्यावर १२ नंबरच्या पिनवर बॅटरीचं व्होल्टेज, १४ नंबरवर ५ व्होल्ट आले पाहिजेत. ४ नंबरच्या पिनवरचं व्होल्टेज वर खेचलेलं दिसलं तर चिप ठीक आहे, प्रोटेक्शनने तिला मुद्दाम गप्प बसवलंय, कारण पुढे शोधा. ट्रान्झिस्टर आणि हीटसिंकमधला अभ्रकाचा किंवा रबराचा तुकडा फाटला असेल तरी असंच होतं.

आता तो हेडलाइटचा बल्ब. दुरुस्तीनंतर ॲम्प थेट बॅटरीला लावायचा नाही, प्लसच्या वाटेत हा बल्ब सिरीजमध्ये टाकायचा, स्पीकर न लावता. क्षणभर पेटून मंद झाला तर सुटलात. पूर्ण प्रकाश पडला तर आत अजून शॉर्ट आहे, पण बल्बने करंट अडवला म्हणून नवे मॉस्फेट वाचले. सगळं ठीक वाटलं की स्पीकर टर्मिनलवर डीसी मोजा, ५० मिलिव्होल्टच्या आत हवं. तिथे काही व्होल्ट डीसी दिसत असतील आणि तसाच वूफर लावलात तर कॉइल जळणार.

परत जोडताना

गेन म्हणजे व्हॉल्यूम नाही. बेस बूस्ट शून्य, इक्वलायझर सपाट, स्पीकर काढलेले, स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांश, ५० हर्ट्झचा टोन, मीटर एसीवर. २०० वॉट ४ ओहमला हवे असतील तर २०० गुणिले ४, त्याचं वर्गमूळ, २८.३ व्होल्ट. गेन हळूहळू वाढवत तिथे आला की थांबा आणि नॉबवर मार्करने खूण करा, म्हणजे घरातल्या पोरांनी फिरवलं तर कळतं.

मग पाम बीच रोडला एक चक्कर मारा, अर्धा तास नेहमीच्या आवाजात वाजवा, आणि आल्या आल्या गाडी बंद करून फ्यूज होल्डर, बॅटरीचा लग आणि अर्थचा बोल्ट यांना हात लावून बघा. कोमट असेल तर चालेल. एखादी जागा चटका देत असेल तर तिथला नट परत सोडा, घासा आणि कसा.